वांग्याच्या भाजीत युरिया

आमच्या गावात कोणाचं पोट बिघडलं की पूर्वी बोअरच्या पाण्यावर आळ यायचा. हल्ली तो आमच्या स्वयंपाकघरावर येतो. शेजारच्या काकाजींनी परवा सप्ताहाच्या पंगतीत बुंदीवर असा काही हात मारला की वाढणारी पोट्टी दुसरी रांग धरून पळाली. रात्रभर काकाजींची टमरेल घेऊन धावपळ झाली. सकाळी काकींनी कुंपणावरून मला विचारलं, "काऊन भाऊ, काल यायनं तुमच्या घरी चहा घेतला होता नं?"

या सगळ्याला कारण अजिनोमोटोची, म्हणजे चायनीजमध्ये चवीला घालतात त्या पांढऱ्या पावडरीची, एक पुडी. बायको मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ पाहते. त्यातल्या एका बाईनं सांगितलं, चिमूटभर टाका, भाजीला हॉटेलची चव येते. ती चव तालुक्याहून पिशवीत घालून आणायचं काम माझ्याकडे आलं. किराणा दुकानात नाव घेतलं तर दुकानदारानं आधी इकडंतिकडं पाहिलं आणि मग तो काउंटरखाली वाकला. मी जणू कपाशीचं चोरीचं, परवानगी नसलेलं एचटीबीटी बियाणं मागितलं होतं.

"चायनीजची गाडी टाकता काय?"

"नाही, घरी पाहिजे."

यावर तो काही बोलला नाही. पण त्याच्या पाहण्यानं मी असा ओशाळलो की गरज नसताना दोन किलो साखरही घेतली.

घरी आईनं पुडी फोडून चार खडे तळहातावर घेतले. "हे तं युरिया होय."

मी आयुष्यभर युरिया फेकलेला माणूस. युरियाचा दाणा गोल असतो आणि हे खडे लांबट, टोकदार आहेत, असं मी समजावून सांगितलं. आई म्हणाली, "मंग खलबत्त्यात कुटलेला युरिया होय." दुपारपर्यंत ही बातमी हापशीवर पोचली.

बायको मात्र हिशेबाची पक्की. सहा माणसांच्या वांग्याच्या भाजीला अर्धा चमचा, त्यापेक्षा जास्त नाही, कारण जास्त झालं की चव चढत नाही, बिघडते. तेवढ्या बेतानं मीठही कमी. साध्या मिठात सोडियम ३९ टक्के, यात १२, आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या आईला, बीपी आहे, तेव्हा यात त्यांचाच फायदा, असं तिनं मोठ्या आदबीनं मांडलं.

"पाहा वो," आई माझ्याकडं वळली, "सून जहर देते आन् वरतून टक्के सांगते."

भाजी मात्र त्या दिवशी पुरली नाही. आईनं कढई भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतली, "फेकाले नाई पायजे, अन्न होय" असं म्हणत.

खरा छळ सुरू झाला तो जेवणानंतर. दररोज हात धुतले की आई ओसरीवर बसून एकेकाला बोलावते. डोकं दुखते काय? मानेत मुंग्या आल्या काय? छातीत धडधडते काय? ही प्रश्नावली तिला भाच्याच्या मोबाईलवरून मिळाली. मूळ मात्र अमेरिकेतलं आहे. १९६८ साली तिथल्या एका डॉक्टरनं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ला पत्र लिहिलं की चिनी हॉटेलात जेवलो की मान बधिर होते, छाती धडधडते. त्याचा संशय स्वयंपाकातल्या दारूवर होता, भरमसाट मिठावर होता आणि या पावडरीवरही होता. दारू सुटली, मीठ सुटलं, जामीन मिळाला नाही तो हिलाच. पुढे लोकांना न सांगता कधी हे आणि कधी भलतंच देऊन पाहिलं, तेव्हा रोजच्या जेवणाइतक्या प्रमाणात ठरावीक असा त्रास काही हाती लागला नाही. पण पत्र तेवढं आमच्या ओसरीपर्यंत आलं, तपासणी वाटेतच राहिली.

एका रात्री भाच्याचं डोकं खरंच दुखलं. मग धाकट्याचं. आणि इतक्यांदा विचारल्यावर माझंही ठणकायला लागलं. आई विजयी चेहऱ्यानं बायकोकडं पाहत होती. बायको म्हणाली, "आत्याबाई, पुडी तं तुमीच सकाळी कोठीमागं लपवली. आज भाजीत निस्तं मीठ हाय."

आई क्षणभरही अडली नाही. "कालचं आज चढलं."

मी शहाणपण शिकवायला गेलो. म्हटलं, आई, हे काही कारखान्यातलं भूत नाही. १९०८ साली टोकियोच्या किकुनाए इकेदा नावाच्या प्राध्यापकानं समुद्री शेवाळाच्या सारातून ही चव, म्हणजे ग्लुटामेट, वेगळी काढली. तू चुलीत भाजून भेदराची, म्हणजे टोमॅटोची, चटणी करतेस, त्या पिकल्या भेदरातही तेच ग्लुटामेट असतं. चंद्रपूरचे पाहुणे पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, आणतात आणि आपण त्या मटणाच्या वर मानतो, त्यांची चवही बरीचशी त्याचीच. परिणाम असा झाला की आठवडाभर घरात भेदराची चटणी बंद. आईच्या दुधातही ते भरपूर असतं, हे वाक्य जिभेवर आलं होतं, पण मी गिळलं. ज्या पाकिटात ही पावडर घालतात, त्यावर 'लहान बाळांना देऊ नका' असं छापावं लागतं. पोट्ट्यांच्या नूडल्सचं असलं एखादं पाकीट तिनं माझ्या नाकासमोर धरलं असतं.

तहाची बोलणी सुरू झाली ती आषाढीच्या आधी. आईनं सहज विचारलं, "हे बनवते कायचं?"

"उसाच्या मळीचं, मक्याचं, नाईतर ज्या कंदाचा साबुदाणा होते त्याचं. आंबवून करतात."

आई थांबली. "साबुदान्याच्या कंदाचं? मंग तं उपासाले चालते!"

भगरीसोबतची शेंगदाण्याची आमटी पाणचट लागते, ही तिची जुनी तक्रार. बायकोनं पदराआड हसत विचारलं, "आत्याबाई, एकादशीले जहर?"

"जहर महादेवबी पेले."

"पन एकादशी तं विठोबाची होय."

हा मुद्दा घरात सुटेना. आंबवलेलं उपासाला चालतं की नाही, हाही फाटा फुटला. ताक चालतं, मग हे का नाही, असं आईचं म्हणणं. शेवटी दशमीला सप्ताहाच्या महाराजांना घरी बोलावलं. त्यांनी सगळं डोळे मिटून ऐकलं आणि आधी आमटी चाखायला मागितली. दोन वाट्या झाल्या. मग म्हणाले, "पोथीत याचा उल्लेख नाई, माय. निर्णय घाईनं देता येत नाई. पुढच्या दशमीले पुन्हा चाखाव लागन." आणि तिसरी वाटी पुढे केली.