पहिला रॉड महागच हवा का? फ्लाय फिशिंगविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

नदीवर फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसा-धाग्यांची कृत्रिम माशी वापरून केलेली मासेमारी, शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकापर्यंत एक सल्ला हमखास पोहोचतो. तो एकाकडून दुसऱ्याकडे पाठवला जातो, त्याचे शब्द थोडेफार बदलतात, पण आशय कायम राहतो. स्वस्त साहित्य घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पहिलाच रॉड झेपेल तितका महाग घ्यावा, कारण चांगल्या रॉडने फेक आपोआप लांब जाते. रीळ भक्कम ड्रॅगचे (पळत्या माशाला रोखणाऱ्या ब्रेकचे) हवे, नाहीतर मोठा मासा हातचा जातो. लाइन, म्हणजे फेकायचा दोर, मात्र कोणतीही चालते. वेडर (पाण्यात उभे राहण्याचा जलरोधक पोशाख), जॅकेट आणि शे-दीडशे कृत्रिम माश्यांचा डबा जवळ नसेल तर नदीत उतरूच नये. आणि तयार संच किंवा वापरलेले रॉड यांच्या वाटेला जाऊ नये, असे त्यात सांगितलेले असते.

हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. अगदी निकृष्ट साहित्य शिकणाऱ्याची उमेद घालवते, हा त्यातील भाग खराही आहे. परंतु या सल्ल्यात खर्चाचा क्रमच उलटा लावलेला आहे. आधी कळस, मग पाया असा हा प्रकार आहे. मी बरीच वर्षे नवख्यांना नदीवर घेऊन जात आलो आहे आणि या क्रमाचे परिणाम जवळून पाहिले आहेत: ज्याची ऐपत नाही तो पाण्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि ज्याची ऐपत आहे तो नको त्या वस्तूवर पैसे घालून पहिल्या हंगामातच कंटाळतो. म्हणून या दाव्यातील प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा रॉडचा. महाग रॉडने फेक लांब जाते, हे विधान फेक कशी होते याकडे दुर्लक्ष करून केलेले आहे. साध्या गळाच्या मासेमारीत टोकाला शिसे किंवा आमिषाचे वजन असते आणि ते वजन आपल्यामागे दोर ओढत नेते. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला पिसांची आणि धाग्यांची माशी असते, तिला म्हणण्यासारखे वजनच नसते. वजन असते ते लाइनला. लाइन हवेत मागे उलगडते, तिच्या वजनाने रॉड वाकतो, आणि तो सरळ होताना लाइनला पुढे ढकलतो. म्हणूनच रॉडवर जो आकडा छापलेला असतो तो त्या रॉडला साजेशा लाइनच्या वजनाचा असतो. प्रमाणित कोष्टकानुसार ५ क्रमांकाच्या लाइनच्या पुढच्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असते. ४ क्रमांकासाठी ते १२० ग्रेन आणि ६ क्रमांकासाठी १६० ग्रेन धरतात.

आता नदीवर प्रत्यक्ष काय होते ते पाहावे. गुडघाभर पाण्यात उभे राहून मासेमारी करणाऱ्या नवख्याचा मासा बहुधा सहा ते दहा मीटरांच्या आत असतो. सहा मीटरांची फेक करताना त्यातला बराचसा भाग लीडरचाच, म्हणजे लाइन आणि माशी यांना जोडणाऱ्या निमुळत्या धाग्याचाच असतो आणि रॉडच्या टोकाबाहेर जेमतेम तीन-चार मीटर लाइन निघालेली असते. त्या ९ ग्रॅमांपैकी अर्धेही वजन रॉडवर येत नाही. महागडे रॉड पुष्कळदा जलद क्रियेचे, म्हणजे ताठ असतात. वाऱ्याविरुद्ध लांबवर फेकणाऱ्या सरावलेल्या हातासाठी ते घडवलेले असतात. इतक्या कमी वजनाला असा रॉड वाकतच नाही. जो वाकत नाही तो हाताला काही सांगत नाही, आणि मग शिकणारा ती उणीव जोर लावून भरून काढू लागतो. एका तरुणाला मी गवतावर सराव करताना पाहिले होते. लीडरच्या टोकाला त्याने माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधला होता, हातात अतिशय उत्तम आणि ताठ रॉड होता, आणि अर्ध्या तासात त्याचा खांदा भरून आला तरी लाइन त्याच्या पायाशीच गोळा होऊन पडत होती. मी त्याला माझा मध्यम क्रियेचा जुना रॉड दिला. मागच्या फेकेत लाइन सरळ झाल्याबरोबर रॉडला बसणारी ती हलकी ओढ त्याला पहिल्यांदाच जाणवली, आणि तो थांबायला शिकला. फेकेतील निम्मे कौशल्य योग्य क्षणी थांबण्याचेच आहे, आणि तो क्षण कधी येतो हे मध्यम क्रियेचा रॉड जितके स्पष्ट सांगतो तितके ताठ रॉड सांगत नाही.

त्यामुळे नवख्याने ९ फूट लांबीचा, ५ क्रमांकाचा, मध्यम किंवा मध्यम-जलद क्रियेचा, चार तुकड्यांचा कार्बनचा रॉड घ्यावा, हा जुना सल्ला मला आजही योग्य वाटतो. झाडी दाटलेल्या लहान ओढ्यांसाठी साडेसात फुटांच्या आसपासचा ३ किंवा ४ क्रमांकाचा रॉड सोयीचा पडतो, आणि रुंद नदीत जड माश्या फेकायच्या असतील तर ६ क्रमांक बरा. जास्त पैसे मोजल्यावर रॉड थोडा हलका होतो, कंपने लवकर शमतात, कड्या (ज्यांतून लाइन जाते) आणि मूठ यांची कारागिरी सुबक होते. हे सारे फरक खरे आहेत, पण ते ओळखण्याइतका हात तयार होण्यास काही हंगाम जावे लागतात.

रिळाविषयीचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. नदीतल्या मध्यम आकाराच्या माशाशी झुंज बहुतेक वेळा रिळावर होतच नाही. एका हाताने लाइन ओढून घेत आणि गरजेप्रमाणे बोटांमधून सोडत मासा जवळ आणला जातो. शिवाय सर्वांत नाजूक दुवा असतो तो टिपेटचा, म्हणजे लीडरच्या टोकाच्या, माशी बांधायच्या बारीक धाग्याचा. ५एक्स टिपेटची जाडी सुमारे ०.१५ मिलिमीटर असते आणि ते साधारण दोन किलोंच्या ओढीला तुटते. त्याहून कितीतरी जास्त ताण देऊ शकणारा ड्रॅग विकत घेतला तरी तो वापरता येत नाही, कारण तो वापरला की टिपेट तुटते. रीळ डगमगत नाही ना, मासा पळताना लाइन न अडखळता सुटते का, आणि ते रॉडच्या क्रमांकाला साजेसे आहे का, इतके पाहिले की पुरे. साधे टिकटिक करणारे रीळही हे काम वर्षानुवर्षे करते. सॅमनसारखे बळकट मासे किंवा समुद्रातली मासेमारी यांची गोष्ट वेगळी, तिथे ड्रॅगवर खर्च करणे रास्तच आहे. पण शिकायला सुरुवात करणारा तिथून सुरुवात करत नाही.

या सल्ल्यातील सर्वांत घातक वाक्य मात्र लाइन कोणतीही चालते, हे आहे. जिथे हात सैल सोडायला हवा नेमका तिथेच तो आखडता घेण्यास सांगितला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. फेकले जाते ते वजन लाइनचे, पाण्यावर पडते ती लाइन, आणि माशी नैसर्गिक वाहते की नाही हेही लाइनच ठरवते. तरंगत्या लाइनच्या गाभ्यात नायलॉनची विणलेली दोरी असते आणि तिच्यावर पीव्हीसीचे आवरण चढवलेले असते. या आवरणात काचेचे पोकळ सूक्ष्म मणी मिसळल्यामुळे लाइन पाण्यापेक्षा हलकी होऊन तरंगते. आवरणाची जाडी टोकाकडे ठरावीक रीतीने निमुळती होत जाते, आणि या उतारामुळे फेकेतला जोर हळूहळू ओसरून माशी अलगद पाण्यावर उतरते. निकृष्ट लाइनमध्ये हा उतार ओबडधोबड असतो, आवरणाला लवकर तडे जातात, आणि रिळावर बसलेल्या वेटोळ्यांचा आकार पाण्यावर तसाच राहतो.

एका संथ वळणावर मला हे अगदी डोळ्यांसमोर दिसले. पाणी काचेसारखे स्वच्छ होते आणि पलीकडच्या काठाखाली एक ट्राउट मासा पृष्ठभागावरचे किडे टिपत होता. माझ्यासोबत आलेल्या नवख्याची फेक चांगली होती आणि माशीही योग्य जागी पडली होती. पण त्याच्या स्वस्त लाइनचे टोक हातभर पाण्याखाली गेले, प्रवाहाने ते ओढले, आणि माशी पाण्यावर बारीक रेघ काढत बाजूला सरकली. खरा किडा असा सरकत नाही. मासा एकदा वर आला, माशीजवळ थांबला आणि खाली गेला. त्या दिवशी त्याचा रॉड कितीही महाग असता तरी त्याने काही फरक पडला नसता.

लाइनच्या वेष्टनावर डब्ल्यूएफ-५-एफ अशी खूण दिसते; तिचा अर्थ पुढच्या भागात वजन असलेली, ५ क्रमांकाची, तरंगती लाइन. नवख्यासाठी हीच सोपी. तरीही ज्याला काटकसर करायची आहे आणि ज्याच्या फेका लहान आहेत, त्याने डीटी खुणेच्या, दोन्ही टोकांना सारख्याच निमुळत्या होणाऱ्या लाइनचा जरूर विचार करावा. एक टोक झिजले की ती उलटी गुंडाळून दुसरे टोक वापरता येते, म्हणजे एका किमतीत जवळपास दोन लाइन मिळतात. लाइन अधूनमधून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी. डास पळवणाऱ्या डीईईटीयुक्त मलमाचा हात लाइनला लागू देऊ नये, कारण ते रसायन प्लास्टिकचे आवरण खराब करते. लीडरच्या बाबतीतही एक साधी सवय बरीच बचत करते: ९ फुटांच्या निमुळत्या लीडरला टिपेटचा वेगळा तुकडा जोडावा आणि माशी बदलताना तेवढाच तुकडा आखूड होऊ द्यावा, म्हणजे तोच लीडर पुष्कळ दिवस पुरतो. टिपेटची एक्स-संख्या ११ मधून वजा केली की इंचाच्या हजाराव्या भागातली जाडी मिळते, म्हणून आकडा वाढला की टिपेट बारीक होते, हे एकदा लक्षात ठेवले की रिळ्या निवडताना गोंधळ उडत नाही.

पोशाख आणि माश्यांचा डबा याविषयी सल्ल्यात जे आहे त्यात जरुरीचे आणि हौसेचे यांची सरमिसळ झालेली आहे. उन्हाळ्यात पाणी थंडगार नसेल तर पटकन वाळणारी विजार आणि पकड असलेले बूट घालून नदीत उतरता येते, वेडर लागत नाही. पाणी थंड असेल तर वेडर हवेच, आणि मग कमरेचा पट्टा आवळल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये, कारण पडल्यावर वेडरमध्ये पाणी वेगाने शिरण्यास तोच पट्टा अडसर ठरतो. बुटांच्या तळव्याला नमदा (दाबून केलेले जाड, लोकरीसारखे कापड) असावा की रबर, हे ठरवण्याआधी त्या नदीचे नियम पाहावेत; नमद्यातून उपद्रवी शेवाळ एका नदीतून दुसऱ्या नदीत जाऊ नये म्हणून न्यूझीलंडने २००८ मध्ये असे तळवे बंद केले. ध्रुवीकृत काचांचा चष्मा मात्र मी पहिल्या दिवसापासून आवश्यक मानतो: त्याने पाण्यावरची चकाकी कमी होऊन तळाचे दगड आणि मासे दिसतात, आणि चुकलेल्या फेकेतला गळ डोळ्यात जात नाही. जॅकेटऐवजी साधी पिशवी आणि टिपेट कापायला नखे कापण्याचे यंत्र चालते.

शे-दीडशे माश्यांविषयी सांगायचे तर, इंग्लंडमधील एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी जी फेझंट टेल निम्फ (पाण्याखालच्या अळीसारखी दिसणारी माशी) बांधली, तिच्यात तितराच्या कुळातल्या फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे धागे आणि तांब्याची बारीक तार यांखेरीज काहीही नव्हते. तारच धाग्याचे आणि वजनाचे असे दोन्ही काम करते. ही एक माशी जगभरच्या नद्यांत चालते. ट्राउट आपले बरेचसे खाद्य पाण्याखालीच घेत असल्याने दोन-तीन मापांतल्या अशा निम्फ, पृष्ठभागासाठी ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, आणि प्रवाहात ओढण्यासाठी एक-दोन वूली बगर एवढा संच पहिल्या हंगामाला पुरतो. मासा परत सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करावा. त्याला पैसे लागत नाहीत आणि माशाची इजा कमी होते.

राहिला मुद्दा तयार संचांचा आणि वापरलेल्या साहित्याचा. तयार संचात रॉड, रीळ आणि लाइन एकमेकांशी जुळवलेली असतात, आणि विजोड जुळणी ही नवख्याची फार सामान्य चूक असल्यामुळे ही सोय लहान नव्हे. अशा संचात सहसा लाइन सर्वांत कच्ची असते. तेवढी पुढे बदलली की तोच संच अनेक वर्षे साथ देतो. वापरलेला रॉड तर मी आनंदाने सुचवतो, फक्त तो घेण्याआधी निवांतपणे तपासावा. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. तो जिथे अडकतो तिथे लाइनने घासून खाच पडलेली असते आणि ती खाच नवी लाइन कापते. रॉडवर नख फिरवत न्यावे आणि दबलेली किंवा ठेच लागलेली जागा दिसली तर तो सोडून द्यावा, कारण कार्बन तिथेच मोडतो. मग तुकडे जोडून, मुठीकडून एक डोळा मिटून कड्या एका रेषेत येतात का ते पाहावे आणि रॉड हलकेच हलवावा. सांध्यातून टक असा आवाज आला तर सांधा झिजला आहे. किंचित झिजेला मेणबत्तीचे मेण चोळून काम भागते, पण तुकडा फिरवल्यावर सैल गोल फिरत असेल तर मेणाचा उपयोग होत नाही. आवाज आला नाही तर तो रॉड घ्यावा, आणि वाचलेल्या पैशांतून नवी लाइन आणावी.