‘एक नियमित वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स.न.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री साडेअकराला आली. वाचली, मोबाइल पालथा घातला आणि दिवा मालवला. झोप काही आली नाही. सकाळी चहाच्या वेळी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, “उत्तर देऊ नका.” म्हणून दोन दिवस थांबलो.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतले इतिहासकार आपल्या राष्ट्राध्यक्षांना गुण कसे देतात आणि पुढे ते गुण कसे बदलतात, यावर मी लिहिलं होतं. उदाहरण घेतलं होतं युलिसिस ग्रँटचं, म्हणजे १८६९ ते १८७७ या काळातल्या अध्यक्षाचं. त्यावर तुमच्या नऊ ओळी. त्यातली ही: “इतिहासकार म्हणजे वारा वाहील तशी पाठ देणारी जमात, काल ग्रँट दारुडा होता, आज संत झाला, आणि तुमच्यासारखे निवृत्त मास्तर टाळ्या पिटायला तयारच.”

आधी माझी चूक सांगून टाकतो, मागून कुणी म्हणायला नको. सी-स्पॅन या अमेरिकी वाहिनीने इतिहासकारांकडून अध्यक्षांची क्रमवारी लावून घेतली, त्या २००९ च्या सर्वेक्षणात ग्रँट बाविसावा आला, असं मी लिहिलं होतं. तो तेविसावा होता. बाविसावा २०१७ मध्ये. लेखात दुरुस्ती केली आहे. तुम्ही दाखवून दिलंत, आभारी आहे. २००० साली तो तेहतिसावा होता आणि २०२१ मध्ये विसावा, हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, ते तुम्हीही मान्य कराल.

आता त्या वाक्याकडे. ‘मास्तर’ म्हटल्याचं मला काही वाटत नाही, मी मास्तरच आहे. लागला तो शेवटचा ‘तयारच’. आणि ‘संत’ हा शब्द माझ्या लेखात कुठे आहे, तेवढं दाखवा. मी पुन्हा दोनदा वाचला. नाही सापडला.

साहेब, एकतीस वर्षं मी इतिहास शिकवला. दहावीचे पेपर तपासले, त्यातली नऊ वर्षं नियामक म्हणून. म्हणजे परीक्षकाने तपासलेल्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा तपासायच्या आणि गुण योग्य आहेत का ते बघायचं. एका वर्षी प्रश्न होता, १८५७ चा लढा अपयशी का ठरला. नमुना उत्तरात ठरलेले मुद्दे: सर्वमान्य नेतृत्व नव्हतं, शस्त्रं अपुरी होती, वगैरे. एका मुलीने हे काहीच लिहिलं नव्हतं. इंग्रजांकडे तारयंत्र होतं, बातमी शिपायांच्या आधी छावणीत पोचायची, या एकाच गोष्टीवर तिने पानभर लिहिलं होतं. अक्षर बेताचं, शुद्धलेखनाचा आनंद. परीक्षकाने पाचपैकी एक दिला होता. मी तीन केले. तो गृहस्थ पुढचे चार दिवस माझ्याशी बोलला नाही, चहालासुद्धा वेगळ्या टेबलावर बसला.

आता सांगा, मी वारा बघून पाठ दिली? त्या मुलीच्या उत्तरातली काना-मात्रा बदललेली नव्हती. बदलला तपासणारा.

ग्रँटचंही हेच झालं. १९४८ मध्ये आर्थर श्लेसिंगर (थोरले) यांनी ‘लाइफ’ मासिकासाठी ५५ जाणकारांकडून अध्यक्षांची प्रतवारी करून घेतली: महान, जवळजवळ महान, साधारण, साधारणहून खाली, अपयशी. ‘अपयशी’च्या रकान्यात दोनच नावं होती, ग्रँट आणि १९२१ ते १९२३ चा अध्यक्ष हार्डिंग. १९६२ मध्ये पुन्हा विचारलं, पुन्हा तेच दोघे. आता या मंडळींचं नमुना उत्तर कुणी लिहिलं होतं? कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम डनिंग यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी. यादवी युद्धानंतर दक्षिणेत गुलामगिरीतून सुटलेल्यांना मताचा हक्क दिला, हीच त्या काळातली मोठी चूक, असं त्यांचं म्हणणं. तो हक्क बंदुकीच्या बळावर राखू पाहणारा अध्यक्ष त्यांच्या हातून पास होणारच नव्हता. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या इतिहासकाराने १९३५ मध्येच उलट बाजू साधार मांडली होती. विद्यापीठांतून ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली तेव्हा प्रश्न बदलला: त्या आठ वर्षांत साउथ कॅरोलायनातल्या काळ्या शेतमजुराचं काय झालं?

हा प्रश्न विचारला की उत्तरपत्रिका वेगळीच दिसते. १८७० मध्ये पंधरावी घटनादुरुस्ती मंजूर, म्हणजे वर्णावरून मताचा हक्क नाकारायला बंदी. त्याच वर्षी न्याय खातं उभं राहिलं. १८७१ मध्ये कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेविरुद्ध कायदा, आणि ऑक्टोबरात साउथ कॅरोलायनाच्या नऊ काउंट्यांमध्ये हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेला कोर्टात आव्हान देण्याचा, हक्क स्थगित करून धरपकड. यातलं काहीच कुणी पेटीत दडवून ठेवलेलं नव्हतं. सगळं सरकारी दप्तरात होतं, फक्त त्याला गुण नव्हते.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे तुम्ही शाळेत वाचलं असेलच. (नसेल तर मास्तरचा दोष.) तेव्हा तिकडे ग्रँट अध्यक्ष होता. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी कोर्टाची इमारत राखून असलेल्या डझनावारी काळ्या माणसांची कत्तल झाली. शरण आलेल्यांनासुद्धा सोडलं नाही. पुण्यात बसून जोतीराव ज्या कामाला नमस्कार करत होते, ते तिकडे तेव्हा असं रक्तात चाललं होतं. हे वाचल्यावर मला ग्रँटला ‘अपयशी’ म्हणताना जीभ अडखळते. संत म्हणत नाही. पुन्हा सांगतो, म्हणत नाही.

वुड्रो विल्सनचं, म्हणजे १९१३ ते १९२१ च्या अध्यक्षाचं, उदाहरण मात्र तुमच्या बाजूने जाईल असं दिसतं. सी-स्पॅनच्या यादीत २००० मध्ये सहावा, २०२१ मध्ये तेरावा. त्याच्या सरकारने केंद्रीय कचेऱ्यांत काळे आणि गोरे कारकून वेगळे बसवले, हे तर १९१३ मध्येच लोकांना ठाऊक होतं. नवीन कागद काही सापडला नाही. इथे वारा म्हणायचं तर म्हणा, मी हुज्जत घालत नाही.

बाकीचे मुद्दे. ग्रँटच्या काळातल्या भ्रष्टाचारावर मी ‘एका वाक्यात पांघरूण घातलं’, असं तुम्ही म्हणता. दारूवरचा कर खाणारी व्हिस्की रिंग, त्यात अडकलेला त्याचा खासगी सचिव बॅबकॉक, महाभियोग येताना पाहून राजीनामा देणारा युद्धमंत्री बेल्कनॅप, तिघेही त्या वाक्यात आहेत. वाक्य लांब आहे. २०२१ च्या सर्वेक्षणातले १४२ जण कोणत्या पक्षाला मत देतात, असं विचारलंत; ते त्यांनाच विचारा. अध्यक्ष निक्सन आणि १९७१ चं बांगलादेश युद्ध हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तुम्ही तो इथे आणायचं कारण नव्हतं.

“अमेरिका पाहिली तरी आहे का?” असंही विचारलंत. पाहिली आहे. मुलगा न्यू जर्सीत असतो. २०१९ मध्ये तिकडे गेलो तेव्हा सगळे टाइम्स स्क्वेअरला निघाले आणि मी हट्टाने बायकोला घेऊन हडसनच्या काठी ग्रँटच्या समाधीला गेलो. दारावर कोरलं आहे, ‘आपल्यात शांतता नांदो’. आत गोल कठडा, त्यावरून वाकून पाहिलं की खाली तांबूस ग्रॅनाइटच्या दोन शवपेट्या, एक त्याची, एक त्याच्या बायकोची, ज्युलियाची. आम्ही दोघं आणि एक शाळकरी पोरगा, एवढेच होतो. पोरगा मोबाइलवर खेळत होता. बायको हळूच म्हणाली, “एवढा मोठा माणूस आणि कुणीच नाही?” मी तिला तिथेच तासभर डनिंग समजावून सांगितला. परत येताना ती बसमध्ये झोपली.

आणि शेवटची तुमची ती ओळ: “मुंबईकरांनी ग्रँट रोडला त्याचं नाव दिलंच आहे, आता तुम्ही आणखी काय देणार?” साहेब, तो ग्रँट वेगळा. ते सर रॉबर्ट ग्रँट, १८३५ ते १८३८ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. तेव्हा आमचा युलिसिस ओहायोत, बापाच्या कातडी कमावायच्या कारखान्याच्या वासाने नाक मुरडत होता. तो मुंबईला आला १८७९ मध्ये, अध्यक्षपद सुटल्यावर, जगाच्या सफरीवर असताना. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक ग्रँट रोडवरून ये-जा करत होते.