स्कॅन ‘स्थिर’ आला म्हणून काचबिंदूचे थेंब बंद करायचे नसतात

‘कृत्रिम बुद्धिमत्ता डोळ्याच्या एका स्कॅनवरून काचबिंदू किती वाढला ते सांगते, अमेरिकेने तिला डॉक्टरांविना निदानाची परवानगी दिली आहे, त्यामुळे फील्डची (नजरेच्या आवाक्याची) तपासणी नको आणि अहवाल स्थिर असेल तर थेंबही नकोत,’ असा मजकूर सध्या आमच्या नात्यातल्या गटांवर फिरतो आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या मामांनी तो वाचून रात्रीचे थेंब बंद केले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

थेंबांचा मुद्दा सर्वांत घातक आहे. स्कॅन स्थिर येतो तो बहुधा थेंबांनी डोळ्यातला दाब आटोक्यात ठेवल्यामुळेच. धरणाचा विसर्ग रोखल्याने पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी वाढली नाही, तेव्हा आता विसर्ग खुशाल वाढवा, असे म्हणण्यासारखा हा सल्ला आहे. स्वीडनमध्ये 255 रुग्णांवर झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या रुग्णांना दाब कमी करणारे थेंब व लेझर असे उपचार दिले आणि उरलेल्यांवर केवळ लक्ष ठेवले. उपचार घेणाऱ्यांपैकी 45 टक्के जणांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांपैकी 62 टक्के जणांचा. म्हणजे थेंब घेऊनही धोका पुरता टळत नाही, मग ते सोडल्यावर काय होईल, याचा विचार मजकूर लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. काचबिंदूत मेलेले, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे चेतातंतू पुन्हा उगवत नाहीत आणि गेलेली नजर कोणत्याही संगणकाने परत येत नाही.

फील्डच्या तपासणीबाबत अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. सुरुवातीच्या काळात फील्डमध्ये दोष दिसण्याआधी ओसीटी स्कॅनवर (डोळ्यामागच्या थरांची जाडी प्रकाशाने मोजणाऱ्या तपासणीत) चेतातंतूंचा थर पातळ झालेला अनेकदा दिसतो. मात्र आजार बळावला, की हा थर साधारण 50 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास येऊन थांबतो, कारण उरलेली जाडी रक्तवाहिन्या आणि आधारपेशींची असते. त्यानंतर नजर घटत राहिली तरी स्कॅन ‘स्थिर’च म्हणतो, आणि ती घट फील्डमध्येच सापडते.

‘एका स्कॅनवरून’ हा दावाही टिकत नाही. वाढ मोजायची तर मागचे स्कॅन हवेत, तेही शक्यतो त्याच यंत्रावरचे. वयोमानानेच थर वर्षाला सुमारे अर्धा मायक्रॉन पातळ होतो आणि लागोपाठ घेतलेल्या दोन स्कॅनमध्येही काही मायक्रॉनचा फरक पडू शकतो. अशा चढउतारांतून खरी घट वेगळी काढणे, थराच्या चुकीने आखलेल्या सीमा पकडणे आणि धूसर स्कॅन बाजूला काढणे, यांत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत होते. दाब किती खाली आणायचा, हे मात्र वय, फील्ड आणि दुसऱ्या डोळ्याची अवस्था पाहून डॉक्टरच ठरवतात.

राहिली अमेरिकेची परवानगी. 2018 साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ज्या प्रणालीला ती दिली, ती मधुमेहामुळे दृष्टिपटलावर होणाऱ्या विकारासाठी होती, काचबिंदूसाठी नव्हे.