‘स्वयंपाकघरातून देश दिसत नसतो’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तर मॅसेडोनिया या बाल्कनमधल्या छोट्या देशावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की मी जनगणनेचं साल चुकवलं. ‘देश रिकामा होतोय’ असा रडका सूर लावताना बेरोजगारी घटली, निर्यात वाढली, हे सोयीस्करपणे गाळलं. शेवटी नाटो आणि युरोपियन युनियनवर एक परिच्छेद. आणि या सगळ्याच्या आधी हे वाक्य: ‘बाई, नवऱ्याच्या नोकरीपायी तीन वर्षं राहून आलात म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून देशाची अर्थव्यवस्था दिसत नसते.’

सालाचं तुमचं बरोबर आहे. अर्धवट सोडलेली जनगणना ऑक्टोबर २०११ मधली, माझ्याकडून २०१२ लिहिलं गेलं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ते वाक्य. मी कुठे उभी राहून बघितलं यावरून मला काय कळलं असेल हे तुम्ही ठरवून टाकलंत, आणि तेही लेखातला एकही प्रसंग खोडून न काढता. हे मला लागलं, आणि ते लपवायचं काही कारण मला दिसत नाही. हो, मी स्वयंपाकघरात होते. २०१७ ते २०२०, राजधानी स्कोप्येच्या कार्पोश भागात, चौथ्या मजल्यावर. तिथून काय दिसलं ते ऐका.

समोरच्या दारात एक आजी राहायच्या. सगळा जिना त्यांना ‘बाबा’ म्हणायचा. मॅसेडोनियन भाषेत आजीला बाबा म्हणतात, माझ्या तोंडात ते बसायला महिना गेला. सप्टेंबर लागला की तिथे गल्लोगल्ली भाजलेल्या मिरच्यांचा वास सुटतो, कारण घरोघरी आयवर, म्हणजे मिरच्यांची घोटलेली चटणी, करायला घेतात. लांबट, जाड सालीच्या लाल मिरच्या बाल्कनीत शेगडीवर काळ्या होईपर्यंत भाजायच्या, पिशवीत कोंडून वाफवायच्या, एकेक हाताने सोलायची, पाणी निथळू द्यायचं, यंत्रातून काढायच्या आणि तेलावर तासन्‌तास घोटायच्या. डाव फिरवल्यावर पातेल्याचा तळ दिसला पाहिजे, तोवर उतरवायचं नाही. पहिल्या वर्षी माझी बोटं दोन दिवस चुरचुरत होती.

त्या वर्षी साठ बरण्या भरल्या. बाबांनी घरात ठेवल्या आठ. उरलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यांत भरून आम्ही बसस्टँडवर नेल्या. निम्मी खोकी जर्मनीत स्टुटगार्टला मोठ्या मुलाकडे, निम्मी स्वीडनमध्ये माल्मोला मुलीकडे. आमच्यापुढे तशीच खोकी घेतलेल्या बायकांची रांग होती. मुलाने बल्गेरियाचा, म्हणजे युरोपियन युनियनमधला, पासपोर्ट काढला होता, म्हणजे जर्मनीत काम करायला आडकाठी नाही. ते बाबा चारचौघांत बोलायच्या नाहीत.

त्यांच्या ओट्याशेजारी खिळ्याला चाव्यांचा जुडगा होता. जिन्यातल्या पाच बंद घरांच्या चाव्या. शनिवारी मी त्यांच्याबरोबर जायचे. खिडक्या उघडायच्या, नळ सोडून बघायचे, झाडांना पाणी घालायचं. एका घरात फ्रिजचं दार मिटू नये म्हणून फटीत लाटणं अडकवलेलं होतं. खाली घंटांच्या पाटीवर सोळा नावं होती, दारं अकराच उघडायची. आता दहा उघडतात. बाबा मुलाकडे गेल्या, आणि जुडगा दुसऱ्या मजल्यावर गेला.

हेच आता आकड्यांत मांडते, कारण तुमचा विश्वास आकड्यांवर आहे. २००२ च्या जनगणनेत २०,२२,५४७ माणसं. त्यानंतरची पूर्ण झालेली जनगणना थेट २०२१ ची, तीत १८,३६,७१३. मध्ये २०११ चा प्रयत्न फसला तो ‘वर्षाहून जास्त काळ परदेशात असलेल्यांना मोजायचं का’ या वादावर. मॅसेडोनियन आणि अल्बेनियन समाजांतला संघर्ष मिटवणाऱ्या २००१ च्या ओह्रिड करारानंतर २० टक्के लोकांची भाषा असली की तिला अधिकृत दर्जा मिळतो, त्यामुळे तिथे एकेका डोक्याला राजकीय वजन आहे. तुम्ही माझं साल सुधारलंत, पण ती जनगणना मोडली कशावरून, हे विचारलं नाहीत. माझा लेख त्याच प्रश्नावर होता.

३० सप्टेंबर २०१८ ला देशाचं नाव बदलण्यावर सार्वमत झालं, तेव्हा मी तिथेच होते. निकाल वैध ठरायला निम्मे मतदार यायला हवे होते, आले ३७ टक्क्यांहून कमी. बहिष्काराची मोहीम जोरात होती, ते मी पाहिलं. पण मतदार यादीत नावं होती १८ लाखांवर! तीनच वर्षांनी तान्ह्या मुलांसकट माणसं मोजली तर १८ लाख ३७ हजार. यादीत देश सोडून गेलेल्यांचीही नावं होती, हे मला कुठल्या अहवालातून समजलं नाही, घंटांच्या पाटीवरून समजलं. तोवर सरकारी अंदाज २० लाख ६८ हजारांच्या आसपास धरला जायचा. जनगणनेने तो सव्वादोन लाखांहून जास्त खाली आणला, तेव्हा कुणाचा पगार एक देनारही न वाढता दरडोई उत्पन्नाचा आकडा चढला. असे आकडे तोंडावर फेकण्याआधी भागाकार कशाने केलाय ते बघावं, महाशय.

बेरोजगारी २००५ मध्ये ३७ टक्के होती, ती १३ च्या आसपास आली. खरं आहे. कारखाने आले. कावादार्त्सीत आणि बितोलात गाड्यांच्या वायरिंगचे, स्कोप्येजवळ गाड्यांचा धूर साफ करणाऱ्या कॅटलिस्टचे. आमचं घर तशाच एका कारखान्याच्या पगारावर चाललं, तेव्हा त्यांचं मोल मला तुम्ही सांगायला नको. पण काम शोधणारा मुलगा बस पकडून जर्मनीला गेला की तोही बेरोजगारांच्या यादीतून उतरतो. निर्यातीबद्दल एवढंच म्हणते की तिचा मोठा वाटा बाहेरून आणलेल्या कच्च्या मालावर उभा आहे.

आणि घर कशावर चालतं म्हणाल, तर ऑगस्टमध्ये तिथे शहरात येऊन बघा. रस्त्यांवर जर्मन, स्विस, स्वीडिश नंबरप्लेटच्या गाड्या. नोटा खिशातून येतात आणि ‘मेनुवाच्नित्सा’ म्हणजे चलन बदलायच्या दुकानांतून देशात शिरतात, म्हणून बँकेमार्फत आलेल्या रकमेवरून अंदाज केलात तर फसाल. बाबांचा मुलगा दर उन्हाळ्यात ओट्यावर पाकीट ठेवायचा, त्यातूनच हिवाळ्यातल्या हीटिंगचं बिल भरलं जायचं. मी ते त्यांच्याबरोबर जाऊन भरलं आहे.

नाटो, युरोपियन युनियन आणि युनियनमधल्या प्रवेशात बल्गेरियाने केलेली अडवणूक या विषयांवर मी लिहिलं नव्हतं, त्यामुळे तो परिच्छेद सोडून देते. रडका सूर लेखात तसाच राहील. पुन्हा लिहिलंत तर जरूर उत्तर देईन, पण सुरुवात ‘बाई’ने केलीत तर प्रतिक्रिया प्रसिद्ध करणार नाही.