प्लेगचे डॉक्टर व्हायचंय? आधी चोच भरून घ्या

सतराव्या शतकातल्या एखाद्या युरोपीय शहरानं तुम्हाला प्लेगचे डॉक्टर म्हणून पगारावर नेमलं, तर अभिनंदन! शहरातले नामवंत वैद्य आधीच गावाबाहेरच्या वाड्यांवर पोचलेत असं समजा.

पोशाखात काटकसर नको. फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचे वैद्य शार्ल द लोर्म यांचा १६१९चा नमुना प्रमाण माना. बकऱ्याच्या कमावलेल्या कातड्याचे बूट, बुटांनाच जोडलेली चामडी विजार, तिच्यात खोचलेला आखूड बाह्यांचा चामडी सदरा, वर मेण चोपडलेला लांब अंगरखा. शिवाय हॅट, हातमोजे आणि चष्मा. तोंडावरच्या मुखवट्याची चोच अर्धा फूट लांब हवी आणि तिला भोकं दोनच, नाकपुड्यांजवळ एकेक.

चोचीत कापूर, लवंग, पुदिना, हिराबोळ, गुलाबपाकळ्या ठासा. सापाचं मांस आणि पन्नासावर जिन्नस घालून केलेलं थेरियाक हे विषावरचं औषध परवडत असेल तर उत्तमच. रोग घाण हवेतून येतो, म्हणजे घाण येईनाशी झाली की रोगही गेला! लोर्मसाहेब तर तोंडात लसूण आणि सताप, नाकाकानांत धूप ठेवायचे म्हणे. ते ९४ वर्षं जगले, तेव्हा शंका काढू नका. राजवैद्य प्लेगच्या किती खोल्यांत शिरत असतील, हे तर विचारूच नका.

फुफ्फुसाच्या प्लेगचा रोगी तोंडावर खोकला, तर त्याचे तुषार त्या दोन उघड्या भोकांतून सरळ आत येतील. गुलाबपाकळ्या त्यांना अडवत नाहीत, पण येताना वास छान येतो.

पांघरूण काठीनं उचला. आधीच गळालेल्या रोग्याचं रक्त काढा. जांघेतली गाठ फाडा आणि तेच पातं घेऊन पुढच्या घरी जा. दोष हवेचा, पात्याचा नव्हे.

१६५६ मध्ये जर्मन चित्रप्रकाशक पॉल फ्युर्स्ट तुमचं चित्र छापून विकेल: काठीच्या टोकाला पंखवालं वाळूचं घड्याळ, सोबत तुमच्या पैशाच्या हावेवर टवाळ कविता. फुकटची जाहिरात म्हणून खपवून घ्या.

जेनोआत १६५७ मध्ये रुग्णालय सांभाळणारे फादर आंतेरो सांगतील, की मेणाच्या अंगरख्याचा फायदा एकच, त्यात पिसवा ठरत नाहीत. हसा आणि पुढे चला. साथीत उंदीर मरतात, त्यांच्या पिसवा उपाशी पडतात आणि माणसाला चावतात, हे दाखवून द्यायला फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करणार आहे. तोवर रोग म्हशीला, औषध पखालीला चालू द्या.

घरी आल्यावर अंगरखा खुंटीला टांगा, कारण आत घामानं उकडतं. सुती कपडे घाला. पलंगाखाली मेलेला उंदीर सापडला तर शेपटीला धरून बाहेर फेका, आणि पायाला काही चावलंच तर खाजवा.