न गंजणारा चाकू शोधता शोधता

चाकू उघडेना. म्हणजे नेहमीसारखं पात्याच्या खाचेत नख घालून ओढलं तर नख उलटं झालं आणि पातं जागचं हललं नाही, मग दुसऱ्या हाताचं नख, मग दात (हसू नका, तुम्हीही हेच केलं असतं) आणि शेवटी मी पक्कड घेऊन बसलो. पक्कडीने चाकू उघडणारा नवरा बघून बायकोने अगदी शांतपणे विचारलं, "पक्कड आहे की घरात, मग चाकू कशाला लागतो?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

झालं होतं असं की चाकू पॅन्टच्या खिशात राहिला, पॅन्ट मशीनमध्ये गेली, आणि मशीनमधले कपडे वाळत घालणं हे काम माझ्याकडे असल्यामुळे ती ओली पॅन्ट दोन दिवस तशीच आत राहिली. चाकू घडीचा, लाकडी मुठीचा, पातं साध्या कार्बन पोलादाचं. लाकूड पोटभर पाणी प्यायलं, फुगलं आणि त्याने पात्याला दोन्ही बाजूंनी असं काही कवटाळलं की विचारू नका. पक्कडीने एकदाचं उघडलं तर सांध्यातून तांबडं गढूळ पाणी आलं आणि पात्यावर नारिंगी पुरळ.

बाबांनी ते पातं उन्हात धरून डॉक्टरसारखं मागून पुढून बघितलं आणि म्हणाले, "पुसत नाहीस."

बाबांकडे माझ्यापेक्षा वयाने मोठा असा एक घडीचा चाकू आहे. तोही साध्याच पोलादाचा, पातं काळपट निळसर पडलंय पण तांबडा गंज औषधालाही नाही. तो काळपटपणाही लोखंडाचा ऑक्साइडच असतो म्हणे, पण तांबड्या गंजासारखा फुगून पोपडे सोडणारा नाही, गपगुमान चिकटून बसणारा, त्यामुळे खालच्या धातूला जरा आडोसा मिळतो. बाकी सगळी किमया पुसण्याची. आणि पुसतात कशाला तर पॅन्टला, उजव्या मांडीवर. त्यांच्या झाडून सगळ्या पॅन्टींना त्याच जागी एक करडा पट्टा आहे आणि त्या पट्ट्यावरून आईने जे काही म्हटलंय ते इथे लिहिता येणार नाही.

आता मी पुसणाऱ्यातला नाही हे मला चांगलं माहितीये. मी चष्मा पुसत नाही तर चाकू कुठला पुसतोय. म्हणून ठरवलं, की स्वभाव बदलण्यापेक्षा पोलाद बदलू, ते सोपं पडेल. सोपं! पुढचे दीड महिने माझं काय झालं ते ऐका.

मला वाटलं होतं स्टेनलेस घेतलं की विषय संपला. तर स्टेनलेस ही एक वस्तू नाहीये, ते एक भलंमोठं खानदान आहे आणि त्यातल्या लोकांची नावं गाड्यांच्या नंबरांसारखी आहेत. ४४०सी, व्हीजी-१०, १४सी२८एन, एस३५व्हीएन, एलसी२००एन. पहिल्या आठवड्यात मी हे वहीत लिहून काढायचो, तिसऱ्या आठवड्यात जेवताना बोलायला लागलो. मुलगी आईला म्हणाली, "बाबा पासवर्ड पाठ करतायत का?"

तत्त्व तसं साधं आहे. पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. हे क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन पात्यावर स्वतःचा एक थर धरतं, इतका पातळ की तो नॅनोमीटरमध्ये मोजतात, आणि त्यावर ओरखडा उठला तरी हवा लागली की आपला आपण भरून येतो. इतकी चांगली सोय माझ्या गुडघ्यालाही नाही. पण मेख अशी की धार टिकायची तर पोलाद कडक पाहिजे, कडक पाहिजे तर कार्बन पाहिजे, आणि कार्बन हा असला हावरट प्राणी आहे की तो समोर दिसेल ते क्रोमियम मिठी मारून घेऊन बसतो. अशा अडकलेल्या क्रोमियमचा गंज थांबवायला काही उपयोग नाही. डी२ नावाचं एक पोलाद आहे, त्यात क्रोमियम बाराएक टक्के, म्हणजे कागदावर पास, पण कार्बन दीड टक्का, त्यामुळे खिशात ठेवलं की ठिपके. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. उलट मॅग्नाकट म्हणून एक आहे, लॅरिन थॉमस नावाच्या धातुशास्त्रज्ञाने तयार केलेलं, २०२१ साली बाजारात आलं, त्यात क्रोमियम जेमतेम १०.७ टक्के आणि तरी ते गंजाला दाद देत नाही, कारण त्याने मिश्रणच असं जमवलंय की क्रोमियम जवळपास सगळं मोकळं राहतं. म्हणजे टक्के बघून चाकू घेणं हे पगार बघून शिल्लक सांगण्यासारखं आहे. खर्च किती तेही बघायला नको का.

बरं हे धार आणि गंजाचं भांडण काही आजचं नाही. इंग्लंडातल्या शेफील्डमधले धातुशास्त्रज्ञ हॅरी ब्रेअरली हे १९१३ साली बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात त्यावर इलाज शोधत होते आणि त्या नादात त्यांच्या हाती १२.८ टक्के क्रोमियमचं न गंजणारं पोलाद लागलं. ते म्हणाले ह्याचे चाकू करा. तर गावातले चाकूवाले त्यांनाच हसले, की हा बघा न कापणाऱ्या चाकूंचा संशोधक! शंभर वर्षं उलटून गेली, माणूस चंद्रावर जाऊन आला आणि मी रात्री दीड वाजता अंथरुणात मोबाईलचा उजेड कमी करून तेच भांडण पहिल्यापासून ऐकत होतो. न गंजण्याचं कौतुक तेव्हा इतकं होतं की स्विस चाकूवाल्या कंपनीने १९२१ साली ते सरळ नावातच घालून टाकलं, संस्थापकाच्या आईचं नाव व्हिक्टोरिया आणि त्याला न गंजणाऱ्याचं फ्रेंच 'इनॉक्स' जोडून व्हिक्टोरिनॉक्स.

मग आणखी फाटे. पोलाद तेच पण पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून थंड कसं केलंय, त्यावर सगळं, एकाच्या हातचं चांगलं तर दुसऱ्याच्या हातचं गंजकं. पात्याला रेतीचा फवारा मारून जो मॅट रंग आणतात तो दिसायला एकदम मर्दानी, पण त्यात बारीक बारीक खड्डे असतात आणि खड्ड्यात पाणी बसतं, त्यापेक्षा आरशासारखं घासलेलं पातं कमी गंजतं. काळा लेप दिलेलं घ्यावं तर लेप सगळीकडे असतो फक्त धारेवर नसतो, आणि गंजायला सगळ्यात आधी धारच लागते. सिरॅमिकचं पातं गंजत नाही हे शंभर टक्के खरं, मी एकाकडून दोन दिवस मागून आणलं, डब्याचं झाकण उचकटलं आणि टोकाचा तुकडा टुणकन उडून गेला. त्या माणसाशी आता बोलणं कमी आहे. टायटॅनियम पण गंजत नाही पण त्याची धार फार टिकत नाही. मुठी, कुलुपं, एका हाताने उघडतो की दोन, ह्या सगळ्यात मी फार शिरलो नाही, बंद करताना बोट मध्ये येऊ नये एवढीच माझी अट.

खरा उजेड पडला तो खिशात. आपला खिसा ही काय जागा आहे ह्याचा कधी विचार केलाय? उबदार, दमट आणि घामामुळे खारट. मिठातलं क्लोराइड हा स्टेनलेसचा जुना वैरी, ते त्या थराला नेमकी भोकं पाडतं, वरून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आणि आत खड्डा. त्यात खिशातल्या कापसाचे ते करडे गोळे, जे चाकूच्या सांध्यात शिरतात, घाम पितात आणि ओल्या बोळ्यासारखे आत बसून राहतात. तिथे हवाही धड पोचत नाही, म्हणजे तो थर भरून यायची सोयच नाही. म्हणून गंज धरतो तो आपण बघतो तिथे नाही, सांध्यात, पट्टीच्या मागे, स्क्रूखाली. मी टूथपिकने जुन्या चाकूचा सांधा कोरला तर मांजराने ओकावा तसला एक बोळा निघाला, त्यात एक शिसपेन्सिलीचं टोकही होतं.

शेवटी मी घेतला तो नायट्रोजनवाल्या पोलादाचा. त्यात कार्बन कमी करून त्याची बरीचशी कामं नायट्रोजनवर सोपवलीत, आणि नायट्रोजन क्रोमियमला तसा पळवत नाही, त्यामुळे कडकपणाही राहतो आणि गंजही धरत नाही. हे पोलाद मुळात विमानांच्या वगैरे बेअरिंगसाठी निघालेलं. ते मी खोक्याची टेप कापायला, दोरा तोडायला आणि शर्टाच्या कॉलरमधलं लेबल काढायला घेतलं.

आला तेव्हा सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. "हलकाय," बाबा म्हणाले, आणि सवयीने मांडीवर पुसून परत दिला.

आता एवढा खटाटोप केल्यावर परीक्षा घ्यायला नको? मी ओट्यावर चार ग्लास मांडले. कोमट पाणी, प्रत्येकात दोन चमचे मीठ. एकात जुना कार्बनवाला, एकात स्वयंपाकघरातली स्टेनलेसची सुरी, एकात नवा, आणि चौथा नुसताच, तुलनेसाठी, शास्त्र म्हणजे शास्त्र. चिठ्ठ्या चिकटवल्या, वेळ लिहिली आणि झोपलो. सकाळी चौथा ग्लास रिकामा. बाबांचा घसा बसला होता, त्यांनी गुळण्या करून टाकल्या. वर म्हणाले, "तुझ्या लक्षात राहिलं ते बरं झालं, फक्त मीठ जरा जास्त घातलंस."

बाकीचे तीन मात्र बघण्यासारखे होते. कार्बनवाल्याच्या ग्लासात तळाशी तांबड्या गाळाचा थर आणि पात्यावर शेवाळासारखी नारिंगी लव. सुरी पहिल्यांदा एकदम स्वच्छ वाटली, पण उजेडात तिरकी धरली तर पात्यावर लेसरने कोरलेली अक्षरं होती ना, नेमकी तीच तांबूस झाली होती. लेसरच्या उष्णतेने तिथला थर बिघडतो आणि गंजाला दार मिळतं. कोरलेला शब्द होता 'स्टेनलेस'. मी हा शब्द घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून दाखवला. कोणी हसलं नाही, बायको फक्त म्हणाली की ती सुरी तिला नाश्त्याच्या आधी धुऊन परत पाहिजे.

आणि नवा चाकू, कोराकरकरीत! पुसला नाही, वाळवला नाही, तसाच खिशात टाकला मुद्दाम. मग तर मी चेकाळलोच. पावसात नेला, लिंबू कापून तसाच मिटला, समुद्रात पोहायला गेलो तेव्हा चड्डीच्या खिशात होता. पात्याला काही म्हणजे काही नाही. धार मात्र खोक्यांच्या पुठ्ठ्याने बऱ्यापैकी लवकर उतरली, पुठ्ठा हा दिसतो तसा गरीब नाही, पण धार परत लावता येते, मी काही ब्रेअरलींना दोष देणार नाही.

पाच महिन्यांनी पांढऱ्या पॅन्टवर, खिशाच्या काठाशी, तीन तांबडे ठिपके दिसले, एका ओळीत, सारख्या अंतरावर. मला वाटलं पेन गळलं असेल. पेन बघितलं, ते निळं. मग चाकू काढला. पातं लखलखीत, मूठ ठणठणीत, आणि खिशाला अडकवायची जी क्लिप असते ना, तिचे तीन स्क्रू गंजलेले. विमानाच्या बेअरिंगचं पोलाद आणि ते धरायला साधे स्क्रू! म्हणजे हत्ती घेतला आणि साखळी कागदाची. बाबांच्या पॅन्टवर पुसण्याचा डाग, माझ्या पॅन्टवर न पुसण्याचा. आईने दोन्ही पॅन्टी शेजारी शेजारी वाळत घातल्या आणि काही बोलली नाही.

स्क्रू बदलू म्हटलं तर त्यांची डोकी ती सहा टोकांच्या चांदणीची, आणि इतकी बारीक की घरातला एकही स्क्रूड्रायव्हर बसेना. एक जबरदस्तीने बसवला तर चांदणीचा गोल झाला. मग पक्कड. तीच पक्कड. पक्कड घसरली आणि मुठीवर ओरखडा. शेवटी चाकू वाटीभर तेलात बुडवून ठेवला, सांधे सुटू देत म्हटलं, आणि बारीक स्क्रूड्रायव्हर ऑनलाइन मागवला.

तो काल आला. चांगलं चारी बाजूंनी टेप मारलेलं खोकं. मी खिसा चाचपला, मग आठवलं की चाकू तेलात आहे. बाबांचा मागू म्हटलं तर बाबा फिरायला गेलेले, आणि चाकू अर्थातच त्यांच्याबरोबर. मी वाटीतून तेलकट चाकू काढून कागदाने टिपत होतो, हो, पुसतच होतो, तेवढ्यात मागून टर्रकन आवाज आला. बायकोने घराच्या चावीने टेप फाडून खोकं उघडलं होतं. चावी तिने खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "पक्कड जागेवर ठेव."

ती आत गेल्यावर मी चावी काढून खिडकीपाशी नेऊन नीट बघितली. पितळेची आहे. पितळ गंजत नाही.