लेकीला शिकार शिकवते आहे, तीही सार्वजनिक रानात

आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे ज्यांना वाद घालायचा आहे त्यांना नीट घालता येईल. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला घरच्या माणसाने शिकार शिकवावी, असं मला वाटतं. ती कुणाच्या खाजगी शेतावर नाही, सार्वजनिक जमिनीवर शिकवावी, असंही वाटतं. आणि पहिल्या हंगामात पोराने काहीतरी मारलंच पाहिजे असा जो आग्रह इथे घरोघरी दिसतो, तो मला अजिबात मान्य नाही.

इथे म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि पेट्रोल पंपापासून किराणा दुकानापर्यंत जिकडेतिकडे शिकाऱ्यांची भगभगीत नारंगी जॅकेटं दिसायला लागतात. माझ्या लेकीच्या वर्गातली निम्मी मुलं त्या आठवड्यात बापाबरोबर नाहीतर आजोबांबरोबर रानात असतात. तिने विचारलं, मी जाऊ का? नवरा आणि मी त्यावर बरेच दिवस बोललो. मग तिने हंटर एज्युकेशनचा, म्हणजे सुरक्षित शिकारीचा, कोर्स केला, आणि तिच्याबरोबर मीही केला.

कणकवलीहून मावशीचा फोन आला. "गो बाय, चेडवाच्या हातात बंदूक दिलंस ती कित्याक?"

मावशीचा प्रश्न मी उडवून लावलेला नाही. ज्या देशात शाळेत गोळीबार झाल्याच्या बातम्या येतात, ज्या देशात पोरांना वर्गात लपून बसण्याची कवायत करावी लागते, तिथे आईने हा प्रश्न स्वतःला रोज विचारला पाहिजे. आमच्या घरात रायफल कुलपात असते, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि दोन्हींच्या किल्ल्या कुठे असतात ते मुलीला ठाऊक नाही. बंदुकांवरचे कायदे कडक व्हावेत असं मला वाटतं आणि मी मतही त्याप्रमाणेच देते. त्याचबरोबर हेही सांगते, की कोर्समध्ये पहिल्या दिवशी जे चार नियम घोकून घेतात ते मला माझ्या मुलीच्या अंगात भिनलेले हवेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी नेहमी सुरक्षित दिशेला. कशावर नेम धरला आहे आणि त्याच्या मागे काय आहे, दोन्हींची खात्री करायची. आणि गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापापासून दूर. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त माणसं. एक मुलगा रिकामी बंदूक फिरवत असताना नळी क्षणभर शेजारच्याकडे गेली, तर शिकवणाऱ्या आजोबांनी वर्ग थांबवला, बंदूक हातातून काढून घेतली आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं करायला लावलं. आवाज मात्र चढवला नाही. पडद्यावर ढिशूम-ढिशूम बघत मोठ्या होणाऱ्या मुलांनी असा एक तरी तास बसून काढावा असं मला मनापासून वाटतं.

आता शिकारीबद्दल. आम्ही मांसाहारी घरातली माणसं. रविवारी मटण नाही तर रविवार कसला, अशा घरातली. आमच्या गावात आजोबांच्या काळी पारध निघायची. सगळा वाडा निघायचा. हाकारे डबे वाजवत एका बाजूने रान उठवायचे आणि ठासणीची बंदूक असलेले दोघे-तिघे डुकराच्या वाटेवर दबा धरून बसायचे. डुक्कर पडलं की वाटे. ज्याची गोळी त्याला जास्त, पण हाका घालणाऱ्या पोरालाही वाटा आणि कुत्रेवाल्यालाही. म्हाताऱ्या विधवेच्या घरी वाटा पोचला नाही तर बोंब व्हायची. हे सगळं मी ऐकलेलं. मी पाहिलं ते वेगळं: क्लच वायरचे फास, त्यांत पाय तुटून अडकलेलं भेकर, आणि रात्री जीपच्या झोतात सशांवर झाडलेल्या गोळ्या. म्हणून भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली याच्या मी शंभर टक्के बाजूने आहे. ती पुन्हा खुली करा म्हणणाऱ्यांत मला कुणी धरू नका. इथली हरणं आणि तिथली भेकरं यांची गोष्टच वेगळी आहे.

ती कशी वेगळी, ते सांगते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेनेही रान ओरबाडून खाल्लं. अब्जावधींनी असलेली पॅसेंजर कबुतरं इतकी मारली, की शेवटचं १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. सगळ्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं १९०० च्या सुमाराला जेमतेम पाच लाख उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. मधल्या काळात झालं काय? १९०० मध्ये लेसी कायदा आला आणि चोरून मारलेलं मांस-पिसं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकणं बंद झालं. रानातल्या हरणाचं मांस आजही विकता येत नाही; खा, वाटा, दान करा, पण धंदा नाही. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी तिकीट घ्यावं लागतं, आज ते २५ डॉलरचं आहे, आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा राखण्यात जातो. रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, १९३७ च्या कायद्याने तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. म्हणजे मारायची परवानगी असलेल्या माणसाकडूनच राखणीचा खर्च वसूल होतो. लांडगे आणि प्यूमा माणसाने जवळपास संपवल्यावर वाढलेली हरणं कोवळी झाडं कुरतडून जंगलाची पुढची पिढी उगवू देत नाहीत, हेही खरं. त्या रानातून जबाबदारीने एक हरीण घेणं मला पॉलिथिनमध्ये गुंडाळलेल्या कोंबडीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.

पण सार्वजनिक जमीनच का? शेजारचे एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले होते, माझ्या शेतावर या, तिथे लाकडी खोली आहे, हीटर आहे, समोर मका टाकलेला आहे, पोरीला तासाभरात हरीण मिळेल. भल्या मनाने म्हणाले. आम्ही नाही म्हटलं.

अमेरिकेत फेडरल सरकारच्या दोनच खात्यांकडे, भूमी व्यवस्थापन ब्युरोकडे २४.५ कोटी एकर आणि वनखात्याकडे १९.३ कोटी एकर जमीन आहे. पाच महाराष्ट्र बसतील, वर उरेल. आमच्या राज्याच्या उत्तरेला चक्वामगन-निकोले राष्ट्रीय वन आहे, सुमारे पंधरा लाख एकर. तिथे माझ्या मुलीचा हक्क तेवढाच आहे जेवढा पाच पिढ्या इथे राहणाऱ्या जर्मन किंवा नॉर्वेजियन घरातल्या मुलाचा. आणि तेवढाच, जास्त नाही. पहाटे अंधारात चालत तुम्ही ठरवलेल्या ओहोळापाशी पोचता आणि तिथे कुणाचा तरी टॉर्च आधीच लुकलुकत असतो. मग हात वर करायचा आणि मुकाट्याने मागे फिरायचं. तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही. झाडावर मचाण बांधून ठेवलं म्हणून जागा तुमची होत नाही. सरकारी झाडाला खिळा ठोकायचा नाही. रिकामी पुंगळी, सँडविचचा कागद, सगळं परत खिशात. आपल्या मालकीचं नसलेलं आणि तरी आपलंच असलेलं काहीतरी कसं वापरायचं, हे मुलांना शिकवायला दुसरी जागा मला माहीत नाही. गावच्या देवराईत काठी मोडायची नाही हे आम्हाला कुणी समजावलं नव्हतं, ते तिथे वावरताना आलं.

यात एक गोष्ट बोलायला जड जाते, पण सावळ्या रंगाच्या आईबापांनी ती बोललीच पाहिजे. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सॉयर काउंटीत दुसऱ्याच्या मचाणावर बसण्यावरून वाद झाला. मचाणावर बसलेला मोंग समाजातला, लाओसहून आलेला शिकारी होता. त्याने सहा जणांना गोळ्या घालून मारलं. ती खाजगी जमीन होती. २००७ च्या जानेवारीत पेश्टिगोजवळच्या सार्वजनिक रानात खारींच्या शिकारीला गेलेल्या एका मोंग माणसाचा एका गोऱ्या शिकाऱ्याने खून केला. दोघे मारेकरी तुरुंगात गेले. पण या राज्यात रानात वेगळा चेहरा दिसला की अजूनही कुणाकुणाच्या मानेवरचे केस उभे राहतात, दोन्ही बाजूंनी. म्हणून 'आपल्याला काय करायचंय जंगलात' म्हणून आपण घरी बसायचं, हे मला पटत नाही. आपण गेलो नाही तर ती जमीन सर्वांची आहे हे फक्त कागदावर राहील.

आणि कागदही पक्का नाही. २०२५ च्या जूनमध्ये यूटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडची लाखो एकर सार्वजनिक जमीन विकायची तरतूद अर्थसंकल्पाच्या विधेयकात घालायचा प्रयत्न केला. शिकारी, मासेमारी करणारे, डोंगर चढणारे असे सगळे एकत्र ओरडले, त्यात त्यांच्याच पक्षाचे मतदार होते, आणि महिना संपायच्या आत ती मागे घ्यावी लागली. तिकडे वायोमिंगमध्ये रेल्वेच्या काळापासून जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी वाटलेली आहे, एक चौकोन सरकारी, एक खाजगी. मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी २०२१ साली शिडी लावून एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यावरून दुसऱ्या सरकारी चौकोनात पाऊल टाकलं, खाजगी मातीला न शिवता. जमीनमालकाने खटला भरला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. हे मी मुलीला नकाशा काढून समजावलं. तिला नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा ते लवकर कळलं.

आता ज्यावरून माझं इथल्या मित्रांशी भांडण होतं तो मुद्दा. २०१७ मध्ये विस्कॉन्सिनने मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकार करण्याची दहा वर्षांची किमान वयाची अट काढून टाकली. त्या पहिल्या हंगामात एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या नावे दहा परवाने निघाले. आठवण म्हणून घेतले असतील, त्या बाळांनी काही बंदूक धरली नाही. पण ज्या राज्याने वय बघायचंच सोडलं, त्याने मुलांना काय सांगितलं? पाच-सहा वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे काय ते पुरतं कळलेलं असतंच असं नाही. त्याच्या खांद्याला रायफल टेकवून, ट्रायपॉडवर नेम धरून देऊन, 'आता दाब' म्हणणारा बाप स्वतःचीच शिकार करत असतो. आणि मग शिंगं धरून फोटो, रक्त गालाला लावून फोटो. मुलाचा चेहरा नीट बघा त्या फोटोंमध्ये. बरीच मुलं फोटो काढणाऱ्याकडे बघत असतात, हरणाकडे नाही.

गोळी लागल्यावर काय होतं, हे आधी शिकवलं पाहिजे. खांद्याच्या मागे, फुप्फुसात लागली तर जमिनीवर गुलाबी, फेसाळ रक्त दिसतं आणि जनावर फार लांब जात नाही. काळपट लाल असेल तर यकृतात लागलीय, तासन्‌तास थांबावं लागतं. हिरवट, घाण वास येणारं असेल तर पोटात लागली, आणि ते जनावर कुठेतरी झुडपात रात्रभर तडफडणार. त्याच्या मागे लगेच धावलं तर ते उठून आणखी लांब जातं. तुम्हाला थांबावं लागतं, हे माहीत असताना की ते तडफडतंय. आमच्या शिकवणाऱ्या आजोबांनी हे मुलांना पांढऱ्या टिश्यूवर लाल-हिरवा रंग लावून दाखवलं. दोन मुलं रडली. त्यांतल्या एकीने पुढच्या आठवड्यात कोर्स सोडला, आणि मला वाटतं तो तिचा निर्णय कोर्समधल्या इतर कुठल्याही निर्णयाइतकाच चांगला होता.

हंगामात माझ्या मुलीसमोर मादी आली, चाळीस पावलांवर, पण सरळ तोंड करून उभी. समोरून छातीवर नेम बसतो, पण जरा चुकला की गोळी पोटापर्यंत जाते. मी हात लावता येईल इतक्या अंतरावर बसले होते. काही बोलले नाही. तिने सेफ्टी काढली नाही. मादी वळली ती झाडामागे गेली. संध्याकाळी पार्किंगमध्ये एका अनोळखी माणसाने विचारलं, मिळालं का काही? नाही म्हटल्यावर तिचा खांदा थोपटून म्हणाला, पुढच्या वेळी. मला त्याचा राग आला नाही, माणूस चांगला होता. पण तिने त्या दिवशी जे केलं त्याला या सगळ्या व्यवहारात कुणी काही म्हणत नाही. त्याचा परवाना नाही, फोटो नाही, नोंद नाही. मला ते बदलायला हवं आहे.

बाकी दोन गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. शिशाची गोळी वापरू नका. हरीण साफ करून आतडी रानात टाकली की त्यातले शिशाचे कण गरुडांच्या पोटात जातात आणि गरुड मरतात. बदकांसाठी शिसं १९९१ पासून देशभर बंद आहे, हरणांसाठी नाही. तांब्याची गोळी थोडी महाग पडते, पडू द्या. आणि विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून हरणांत सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) नावाचा मेंदूचा रोग सापडतो आहे. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी नमुना तपासायला द्या आणि अहवाल येईपर्यंत ते मांस मुलांच्या ताटात वाढू नका. रोगट निघालं तर खाऊ नका.

मॅडिसन आणि मिल्वॉकीकडच्या मराठी मंडळींपैकी ज्यांची मुलं बाराच्या पुढे आहेत, त्यांनी वसंतातला कोर्स तरी करून बघा. शिकारीला जायचं नसेल तरी चालेल, शाकाहारी असाल तरी चालेल. आईबापांनी मुलांबरोबर बसायला हवं, नुसतं सोडून येऊ नये. तारखा लागल्या की इथेच टाकेन, जागा पटकन भरतात. ज्यांना नोव्हेंबरात बंदुकीशिवाय नुसतं चालायला यायचं असेल त्यांनाही घेऊन जाईन, मात्र नारंगी जॅकेट घालून.